साखर 52 आणि बाबा म्हणतात, ‘मले काही नाही झालं’: मेंदूला सवय नेमकी कशाची होते?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. बाबा 71 वर्षांचे, मानेवाड्याला तुमच्यासोबत राहतात, डायबेटिस 18 वर्षांपासून. सकाळी ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधं एकत्र असलेली गोळी, रात्री इन्सुलिन. पूर्वी साखर 65 च्या खाली गेली की त्यांचे हात थरथरायचे, घाम फुटायचा, ते स्वतःच ‘साखर आण गं’ म्हणायचे. गेल्या चार-सहा महिन्यांत मीटर 52, 49 दाखवतो आणि बाबा निवांत पेपर वाचत बसलेले असतात. एकादशीच्या दिवशी मात्र दुपारी एकदम भलतंच बोलायला लागले. काकांचं म्हणणं, मेंदूला कमी साखरेची सवय झाली, उलट चांगलंच आहे. आणि तुम्ही वाचलंत की मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशी साखर साठवतात आणि न्यूरॉनला पुरवतात. मग बाबांचा मेंदू खरोखर काटकसर शिकला का, असं तुम्ही विचारता.

मी नागपुरात धंतोलीत 26 वर्षं न्यूरॉलॉजीची प्रॅक्टिस करते. साखरेचा हिशोब बघणारे डॉक्टर वेगळे, पण साखर उतरलेले पेशंट ‘लकवा झाला’, ‘फिट आली’, ‘बाबा वेड्यासारखे करून राहिले’ म्हणून आधी आमच्याच दारात येतात. म्हणून आधी उत्तर सांगते, कारणं मागून देते. काका निम्मे बरोबर आहेत, सवय झालेली आहे. पण ती झाली आहे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या यंत्रणेला. मेंदूची भूक होती तेवढीच आहे. आणि तुम्ही ज्या पेशींबद्दल वाचलंत त्यांचा साठा खरा असला तरी तो मिनिटांत मोजायचा आहे, उपासाच्या दिवसात नाही.

आता त्या पेशींकडे येते, कारण प्रश्नाचा खरा गर तिथेच आहे.

मेंदू साधारण 1400 ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के. खर्च मात्र एकूण ऊर्जेच्या 20 टक्क्यांच्या आसपास. दिवसाला 100 ते 120 ग्रॅम ग्लुकोज तो एकटा फस्त करतो. यातला मोठा भाग ‘विचार करण्यात’ जात नाही, झाडलोट करण्यात जातो. प्रत्येक संदेशागणिक न्यूरॉनच्या आत सोडियम घुसतं आणि पोटॅशियम बाहेर पडतं. ते पुन्हा जागच्या जागी नेणारे पंप अहोरात्र चालू असतात. पंप थांबला की न्यूरॉन आधी गोंधळतो, मग फुगतो, मग मरतो.

या न्यूरॉनांच्या भोवती जवळपास तेवढ्याच संख्येने ग्लिया पेशी असतात. 1856 मध्ये फिर्शो या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना हे नाव दिलं, ग्रीक भाषेत अर्थ गोंद. न्यूरॉन चिकटून राहावेत म्हणून भरलेला मसाला, एवढीच त्यांची किंमत. आम्ही एमबीबीएसला होतो तेव्हाही पुस्तकात त्यांच्या वाट्याला अर्धं पान यायचं. आज त्यातल्या एकट्या ॲस्ट्रोसाइट या ताऱ्याच्या आकाराच्या पेशीवर लोक आयुष्य घालवतात.

ॲस्ट्रोसाइट काय करते हे सांगायला मला मेसवाल्या काकूंपेक्षा बरं उदाहरण अजून सापडलेलं नाही. बाहेरगावाहून नागपुरात शिकायला आलेली मुलं ज्यांच्याकडे डबा लावतात, त्या काकू. काकूंचं एक पाऊल कायम किराणा दुकानात, हात पोरांच्या खोलीच्या दाराशी. ॲस्ट्रोसाइटचं अगदी असंच असतं. तिची एक शाखा केशवाहिनीला वेढून बसते, दुसऱ्या शाखा न्यूरॉनांच्या जोडांना बिलगलेल्या. रक्तातलं ग्लुकोज ती घेते, अर्धवट शिजवते आणि लॅक्टेट नावाच्या रूपात न्यूरॉनच्या हाती देते. न्यूरॉन ते आत घेऊन पुरतं जाळतो. लॅक्टेट म्हणजे तेच, ज्याला आपण व्यायामानंतरच्या पाय दुखण्यासाठी उगाच शिव्या घालतो. मेंदूच्या दृष्टीने ते अर्धी झालेली भाजी आहे, फक्त एक उकळी बाकी.

कधी किती शिजवायचं हे काकूंना कसं कळतं? रिकामे डबे किती परत आले त्यावरून. न्यूरॉन बोलतात ते मुख्यतः ग्लुटामेट सोडून. काम झाल्यावर ते ग्लुटामेट ॲस्ट्रोसाइट उचलून घेते. तिथेच पडून राहिलं तर शेजारच्या न्यूरॉनला ते विषासारखं बाधतं. उचलताना त्याच्याबरोबर सोडियम आत येतं, ते बाहेर फेकायला ॲस्ट्रोसाइटला ऊर्जा लागते, त्यासाठी ती ग्लुकोज जोरात फोडते आणि लॅक्टेट तयार होतं. म्हणजे जिथे न्यूरॉन जास्त बडबडले तिथेच जास्त डबे परत आले आणि तिथेच जास्त स्वयंपाक झाला. उचललेलं ग्लुटामेट ती ग्लुटामिन करून, डबा घासून द्यावा तसं, न्यूरॉनला परत करते. ही मांडणी स्वित्झर्लंडच्या पेलेरिन आणि माजिस्त्रेती यांनी 1994 मध्ये केली.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं, कारण इंटरनेटवर हे ब्रह्मवाक्य म्हणून फिरतं. सगळ्यांना हे मान्य नाही. न्यूरॉनकडे ग्लुकोज ओढून घेणारी स्वतःची, आणि चांगली तगडी, यंत्रणा आहे. पोरगं स्वतःही दुकानात जाऊन पोहे आणू शकतं, आणि घाईच्या वेळी आणतंही, असं सांगणारे प्रयोगही भक्कम आहेत. कोणत्या भागात, कोणत्या वेळी, कोणाचा वाटा किती, यावर तीस वर्षं भांडण चालू आहे. तुमच्या बाबांसाठी त्या भांडणाने फरक पडत नाही. काकू आणोत की पोरगा, दुकान एकच आहे आणि ते रक्तात आहे.

मग काकूंच्या फळीवरची बरणी, म्हणजे तुम्ही वाचलेला तो साखरेचा साठा? ती आहे. ग्लायकोजेन म्हणजे साठवून ठेवलेलं ग्लुकोज, आणि मेंदूतला त्याचा साठा जवळजवळ सगळा ॲस्ट्रोसाइटमध्येच असतो. सन 2000 मध्ये उंदराची डोळ्याची नस ग्लुकोज नसलेल्या द्रावणात ठेवून बघितलं, तर ती बराच वेळ संदेश नेत राहिली. जितकं ग्लायकोजेन जास्त, तितका वेळ जास्त. पुढे 2011 मध्ये असंही दिसलं की उंदरांच्या स्मृतीच्या भागात ग्लायकोजेन फोडणं रोखलं तर शिकलेली गोष्ट त्यांच्या लक्षात टिकत नाही. म्हणजे बरणी नुसती अडीअडचणीची नाही, रोजच्या कामातही हात तिच्यात जातो.

पण बरणी केवढी? यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन मावतं. अख्ख्या मेंदूत मिळून साधारण एक ग्रॅम. दिवसाला 120 ग्रॅमचा खर्च म्हणजे तासाला पाच. एक ग्रॅमवर पूर्ण मेंदू चालवायचा तर बारा मिनिटं. रक्तातून थोडं येत राहिलं तर अजून थोडं ताणता येईल, पण म्हणून मी ‘मिनिटं’ म्हणाले. आपल्याकडे दुपारी लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालतो, कूलर नाही. तसंच हे.

तुम्ही नुसतं ‘आधार पेशी’ म्हटलंत, म्हणून एक वाक्य दुसऱ्या जातीबद्दलही. लांब तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी नुसत्या वायरीवरची टेप नाहीत. त्याही आतल्या तंतूला लॅक्टेट पुरवतात, हे 2012 मध्ये दोन गटांनी दाखवलं. मेंदूपासून कमरेपर्यंत गेलेल्या तंतूला मधल्या वाटेवर कोणीतरी डबा द्यायलाच हवा.

आता ‘सवय’.

साखर कमी राहू लागली की मेंदू खरंच जुळवून घेतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत ग्लुकोज आत घेणारी दारं असतात. ती इन्सुलिनच्या परवानगीने उघडत नाहीत, कायम उघडीच असतात. काही दिवस साखर कमी राहिलेल्या उंदरांमध्ये या दारांची संख्या वाढते. तरी मेंदूतलं ग्लुकोज रक्ताच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्याएवढंच असतं. रक्तात 100 असेल तेव्हा आत 20-25. रक्तात 40 झालं की आत जवळपास खडखडाट. दारं वाढवून यात थोडी भर पडते, चमत्कार होत नाही.

शरीराची घंटा मात्र फार लवकर जुळवून घेते. निरोगी माणसाची साखर 65-70 ला आली की ॲड्रेनॅलिन आणि ग्लुकॅगॉन ही साखर वर ढकलणारी हार्मोन्स उसळतात. 55 च्या सुमारास घाम, थरथर, धडधड, भूक. 50 च्या खाली विचार ढासळायला लागतो. या पायऱ्यांमधलं अंतर हीच आपली सोय, कारण डोकं शाबूत असताना आपण साखर मागू शकतो. साखर पुन्हा पुन्हा उतरत राहिली की घंटा वाजण्याची पातळी खाली खाली सरकते. शेवटी डोकं आधी बंद पडतं आणि घंटा नंतर वाजते, किंवा वाजतच नाही. हे व्हायला वर्षं लागत नाहीत. आदल्या दिवशी साखर एकदा चांगली उतरली, तर दुसऱ्या दिवशीची घंटा बारीक वाजते, हे 1993 मध्येच दिसलं होतं.

घंटा का मुकी होते, यात आपल्या काकू पुन्हा येतात. 1994 च्या एका प्रयोगात साखर मुद्दाम उतरवलेल्या माणसांना शिरेतून लॅक्टेट दिलं, तर त्यांचं डोकं जास्त वेळ चाललं आणि ॲड्रेनॅलिन मात्र कमी उसळलं. म्हणजे मेंदूला पर्यायी इंधन मिळालं की मेंदू समजतो, सगळं ठीक आहे. यावरून कल्पना निघाली की वारंवार साखर उतरणाऱ्यांच्या ॲस्ट्रोसाइट ग्लायकोजेनच्या मोठ्या बरण्या भरून ठेवत असतील आणि त्यामुळे घंटा गप्प बसत असेल. तुमच्या काकांना आवडेल अशी कल्पना आहे. पण 2012 मध्ये अशाच पेशंटांच्या मेंदूतलं ग्लायकोजेन प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा ते जास्त आढळलं नाही. काटकसरीची जादा बरणी मिळालीच नाही. बंद घंटा तेवढी मिळाली.

एकादशीचं काय, हेही तुम्ही विचारलंत. आजी निर्जळी करायची, तिला काही व्हायचं नाही, बाबांनाच का? आजीचं यकृत आधी साठा सोडायचं, मग नवं ग्लुकोज बनवायचं. उपास लांबला असता तर चरबीतून कीटोन तयार झाले असते. आणि कीटोनवर मेंदू छान चालतो. 1967 मध्ये कॅहिल आणि सहकाऱ्यांनी पाच-सहा आठवडे उपाशी असलेल्या लठ्ठ पेशंटांमध्ये मोजलं, तर मेंदूच्या इंधनाचा निम्म्याहून जास्त भाग कीटोनचा होता. बाबांच्या अंगात मात्र रात्रीचं इन्सुलिन आहे आणि वरून ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला पिळून आणखी काढतंय. इन्सुलिन यकृताचं दार बंद करतं आणि चरबीलाही कुलूप लावतं. ग्लुकोजही नाही, कीटोनही नाही. गोळीला एकादशी कळत नाही.

हे जवळून कसं दिसतं ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला ओळखता येईल. एक निवृत्त शिक्षक, ओळख पटू नये म्हणून बाकी तपशील बदलते, बायकोसोबत चालत ओपीडीत आले. इस्त्रीचा शर्ट, नमस्कार वगैरे सगळं व्यवस्थित. बायको म्हणाली, ‘सकाळपासून वेगळेच करून राहिले जी.’ ते म्हणाले, ‘मले काहीच नाही झालं, हिलेच संशय.’ मी म्हटलं, गुरुजी, शंभरातून सात वजा करा. ‘त्र्याण्णव.’ त्यातून सात? ‘त्र्याण्णव.’ त्यातून? थोडं थांबून, माझ्याकडे रागाने बघत, ‘सांगितलं ना, त्र्याण्णव.’ घाम नाही, थरथर नाही, नाडी 76. मीटरवर 41. ग्लुकोजचं पाणी दिलं. पहिली पाच मिनिटं ग्लास हातात धरून भांडत होते. बाराव्या-तेराव्या मिनिटाला एकदम इकडेतिकडे पाहिलं आणि बायकोला विचारलं, ‘आपण इथं कधी आलो?’ आल्याचं, भांडल्याचं, त्र्याण्णवचं, काहीच आठवत नव्हतं. म्हणून ‘मला काही होत नाही’ या बाबांच्या वाक्यावर विसंबू नका. ज्या अवयवाने सांगायचं तोच उपाशी आहे.

आणि आमच्या चुका. रेसिडेंट असताना रात्री अडीचला उजवी बाजू लुळी पडलेला एक माणूस आला. मी थेट सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहिली. वॉर्डच्या सिस्टरांनी मला न विचारता बोट टोचलं, साखर 34. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि स्कॅनला न्यायच्या आत त्याने उजवा हात उचलून दाखवला. उतरलेली साखर लकव्याचं सोंग हुबेहूब घेते. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक लकव्याची साखर आधी, बाकी नंतर.

आता बाबांचं. परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आधी. मीटर: 100 च्या खाली चांगल्या मीटरलाही 15 इकडेतिकडे चालतं. त्यामुळे 52 म्हणजे 37 ही असेल, 67 ही. स्ट्रिप्सची डबी कुठे ठेवता? बहुतेक स्ट्रिप्स 30 अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. गाडीच्या डिक्कीत राहिलेली डबी फेकून द्या. किडनी: क्रिएटिनिन वाढलं असेल तर इन्सुलिन आणि या गोळीचा असर लांबतो. पूर्वी सोसलेला डोस आता जास्त होतो. उतारवयात अचानक साखर उतरायला लागण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. वजन घटलंय का, जेवण कमी झालंय का? बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे का? तो धडधड आणि थरथर झाकतो, घाम झाकत नाही.

तुम्ही अभिमानाने लिहिलंत की एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, 6.1 आहे. 71 व्या वर्षी, इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडवर, साखर 49 ला जात असताना, तो आकडा मला शाबासकीचा वाटत नाही. या वयात साडेसात-आठपर्यंत ढील देणं बहुतेक डॉक्टरांना मान्य असतं. औषधं स्वतः बंद करू नका, पण बाबांच्या डॉक्टरांना उद्याच फोन करा, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. सरळ विचारा: ग्लिमेपिराइड काढता येईल का, रात्रीचं इन्सुलिन कमी करता येईल का, उपासाच्या दिवशी काय घ्यायचं नाही.

डोस बदलला की घंटा परत येते का? बरीचशी येते, आणि या सगळ्यातली चांगली बातमी हीच. साखर सलग दोन-तीन आठवडे एकदाही उतरू दिली नाही तर बऱ्याच जणांना घाम-थरथर पुन्हा जाणवायला लागते. ‘एकदाही’ हा शब्द महत्त्वाचा, कारण एक झटका पुन्हा मागे नेतो. तेवढे दिवस पहाटे तीनला एकदा बोट टोचायचं किंवा दंडावर चिकटवायचं अलार्मवालं सेन्सर लावायचं. आणि तोवर बाबांनी स्कूटर चालवायची नाही. यावर घरात भांडण होईल, होऊ द्या.

साखर 70 च्या खाली दिसली तर, बरं वाटत असो वा नसो, 15 ग्रॅम ग्लुकोज. चहाचे तीन भरलेले चमचे ग्लुकोज पावडर अर्ध्या ग्लास पाण्यात. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, कमीच असेल तर पुन्हा द्या, वर आली की पोळी-भाजी. इथे बाबांच्या बाबतीत एक मेख आहे. त्यांच्या गोळीत व्होग्लिबोज आहे, आणि ते आतड्यात घरची साखर फोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. त्यामुळे साखर, गूळ, पेढा हे सगळं हळू चढतं. संत्रा बर्फीत तर वर तूप-खवाही असतो, ती आणखी मागे. पुड्यावर ‘डेक्स्ट्रोज’ किंवा ‘ग्लुकोज’ लिहिलेलीच पावडर हवी. एक पुडा उशाशी, एक देवघराजवळ, एक तुमच्या पर्समध्ये.

शुद्ध हरपली असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, चमचाभर पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. आणि शुद्धीवर आले तरी त्याच दिवशी ‘आता ठीक आहे’ म्हणून घरी आणायची घाई करू नका. ग्लिमेपिराइडचा असर लांबतो, सलाईन संपलं की साखर पुन्हा उतरते. आम्ही अशा पेशंटला निदान 24 तास नजरेखाली ठेवतो.

डॉक्टरांकडे जाताना क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट, मीटर आणि गोळ्यांची प्रत्यक्ष पाकिटं न्या. नावं पाठ करून सांगू नका, एकाच कंपनीच्या ‘वन’ नावाच्या गोळीपेक्षा ‘टू’ मध्ये ग्लिमेपिराइडचा डोस दुप्पट असतो.